शेततळ्यातला कागद : एथिलीन ते पॉलिथिन

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात रसायनशास्त्रावरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. मी स्वतः भूगोलाचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीपुरताच. परंतु जालना जिल्ह्याच्या शेतीचा भूगोल अभ्यासू लागलो, की एका पदार्थाला वळसा घालून पुढे जाताच येत नाही. हा पदार्थ आपल्या जमिनीत नाही, आपल्या शिवारात पिकत नाही, आणि तरीही आज शेकडो बागांचे जगणे-मरणे त्याच्यावर अवलंबून आहे. शेतकरी त्याला साध्या शब्दात 'कागद' म्हणतो. "तळ्याला कागद टाकला का?" असे एक शेतकरी दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्याच्या मनात वहीचा कागद नसतो. शेततळ्याच्या तळावर आणि काठांवर अंथरलेले पॉलिथिनचे जाड अस्तर त्याला अभिप्रेत असते.

हा कागद म्हणजे काय, तो कशापासून होतो, पाणी कसे धरतो, उन्हात का फाटतो आणि फाटल्यावर त्याचे काय करायचे, हे समजावून देण्याचा या लेखात प्रयत्न आहे. समीकरणांची भीती नको. हा सगळा व्यवहार हात धरण्याचा आणि हात सोडण्याचा आहे.

पाण्याची गरज आणि कागद

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतून काही भाग वेगळा काढून जालना जिल्हा तयार झाला. येथे सरासरी पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर. पण सरासरी ही गोष्ट मराठवाड्यात फार फसवी असते. एक वर्ष बरे जाते आणि पुढची दोन कोरडी. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याची वेळ आली, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून बोलले जाते. ज्या 'जालना मोसंबी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती मोसंबी चार वर्षे आधी सरपण म्हणून तोडली जात होती.

जमीन काळ्या पाषाणाची. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बसाल्ट. मुरमात खड्डा खणून पाणी साठवले तर ते थोड्याच दिवसांत झिरपून जाते. जलसंधारणाच्या दृष्टीने झिरपणे चांगलेच, कारण त्यामुळे विहिरी भरतात. जालना तालुक्यातील कडवंची गावाने हेच करून दाखवले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मार्गदर्शनाखाली नव्वदच्या दशकात तेथे पाणलोटाचे काम झाले. बांधबंदिस्ती झाली, ओघळी अडवल्या गेल्या. त्यानंतर गावात द्राक्षबागा आल्या आणि बागांबरोबर शेततळीही आली. परंतु फळबागेला एप्रिल-मे महिन्यांत नेमके हाताशी पाणी हवे असते. ते पाणी झिरपू न देता धरून ठेवायचे, तर तळ्याला अस्तर हवे. हे काम कागद करतो.

किती कागद, किती पाणी? हिशेब सोपा आहे. वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे तळे घ्या. काठांचा उतार एकास दीड धरला, तर तळाची बाजू २१ मीटर भरते. अशा तळ्यात सुमारे १,९७० घनमीटर, म्हणजे जवळजवळ वीस लाख लिटर पाणी मावते. तळ आणि चारही काठ मिळून क्षेत्रफळ सुमारे ९९० चौरस मीटर. कागदाची जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तेव्हा सगळ्या कागदाचे घनफळ अर्धा घनमीटरही होत नाही आणि वजन भरते पावणेपाच क्विंटलच्या आसपास. पावणेपाच क्विंटल पदार्थ वीस लाख लिटर पाणी अडवून धरतो! हे त्याला कसे साधते, ते पाहण्यासाठी आपल्याला त्याच्या मुळाशी, एथिलीन वायूपाशी जावे लागेल.

फुगडी आणि साखळी

कार्बनच्या अणूला चार हात असतात असे मानू. हायड्रोजनला एकच हात. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन एकत्र आले, तर प्रत्येक कार्बनचे दोन हात दोन हायड्रोजन धरतात. उरलेले दोन-दोन हात कार्बन एकमेकांना देतात. दोन मुली दोन्ही हात धरून फुगडी घालतात, तशी ही रचना. याला द्विबंध म्हणतात, आणि या रेणूचे नाव एथिलीन. ज्या हायड्रोकार्बनांमध्ये असा एक द्विबंध असतो, त्या सर्वांचे कूळ म्हणजे अल्कीन. या कुळात कार्बनच्या नेमके दुप्पट हायड्रोजन असतात. जुन्या पुस्तकांत यांनाच ओलेफिन म्हटलेले आढळेल. ओलेफिन म्हणजे तेल करणारे. १७९५ मध्ये हॉलंडमधल्या चार रसायनशास्त्रज्ञांना असे दिसले, की या वायूचा क्लोरिनशी संयोग झाला की तेलासारखा द्रव तयार होतो. नाव तिथून पडले.

द्विबंधातले दोन्ही बंध सारख्या ताकदीचे नसतात. पहिला पक्का; दुसरा त्या मानाने कच्चा. संधी मिळताच हा दुसरा हात सुटतो आणि दुसऱ्या कोणाला तरी धरतो. म्हणून अल्कीन चपळ असतात. प्रयोगशाळेत ब्रोमिनचे तांबूस पाणी अल्कीनमध्ये ओतले की रंग पाहता पाहता नाहीसा होतो. सुटलेले हात ब्रोमिनला धरतात. अल्कीन ओळखण्याची ही शाळेतली सोपी परीक्षा.

आता अशी कल्पना करा, की मैदानावर हजारो मुलींच्या जोड्या फुगडी घालत आहेत. एका जोडीतला एक हात कोणीतरी सोडवला. आता त्या जोडीतल्या दोघी एका हाताने एकमेकींना धरून आहेत आणि दोघींचा एकेक हात मोकळा आहे. मोकळा हात शेजारच्या जोडीला ओढतो. तिचीही फुगडी सुटते आणि ती साखळीत येते. तिच्या टोकाचा मोकळा हात पुढच्या जोडीला ओढतो. पाहता पाहता फुगड्यांचे मैदान साखळीत बदलते. रसायनशास्त्रात याला समावेशक बहुवारिकीकरण म्हणतात. एथिलीन हे एकवारिक आणि तयार झालेली साखळी हे बहुवारिक, म्हणजेच पॉलिएथिलीन, आपल्या बोलीतले पॉलिथिन.

या क्रियेचे तीन टप्पे असतात. पहिला प्रारंभ : एखादा मोकळ्या हाताचा आगंतुक रेणू, ज्याला मुक्त मूलक म्हणतात, येऊन पहिली फुगडी मोडतो. दुसरा वाढ : साखळी क्षणार्धात हजारो एककांची होते. तिसरा समाप्ती : दोन साखळ्यांची मोकळी टोके एकमेकांना धरतात आणि वाढ थांबते.

'समावेशक' हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टर तयार होताना प्रत्येक सांध्याला पाण्याचा किंवा दुसरा एखादा छोटा रेणू बाहेर पडतो. येथे काहीच बाहेर पडत नाही. जेवढ्या वजनाचे एथिलीन साखळीत गेले, तेवढ्याच वजनाचे पॉलिथिन. आपल्या तळ्यातला पावणेपाच क्विंटल कागद म्हणजे एकेकाळचा जवळजवळ पावणेपाच क्विंटल वायूच होय.

बाहेर पडते ती फक्त उष्णता. कच्चा बंध मोडून पक्का बंध जुळतो, तेव्हा ऊर्जा शिल्लक राहते. एक किलो एथिलीनचे पॉलिथिन होताना सुमारे ८०० किलोकॅलरी उष्णता निघते. एवढ्यात दहा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. ही उष्णता वेळीच काढून घेतली नाही तर स्फोट ठरलेला. कारखान्यातील निम्मी अक्कल साखळी वाढवण्यात खर्च होत असेल, तर निम्मी तिला थंड ठेवण्यात.

साखळी किती लांब? दहा हजार एथिलीनची साखळी सरळ ताणली तर तिची लांबी जाडीच्या सुमारे पाच हजार पट भरते. दोन मिलिमीटर जाडीची सुतळी दहा मीटर लांब असावी, तसे हे प्रमाण. अशा असंख्य सुतळ्या एकमेकींत गुंतून पडल्या, की सहज उकलत नाहीत. पॉलिथिनची चिवटपणाची सगळी ताकद या गुंतण्यात आहे.

अपघाताने हाती लागलेला मेणचट पदार्थ

एवढे लांब रेणू असू शकतात, हेच मुळी विसाव्या शतकाच्या आरंभी कोणी मानायला तयार नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये हा विचार मांडला, तेव्हा त्यांना बराच विरोध सहन करावा लागला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये.

पॉलिथिनचा शोध मात्र कोणी ठरवून लावला नाही. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोघे एथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड यांच्यावर प्रचंड दाबाखाली प्रयोग करीत होते. तापमान १७० अंश, दाब हवेच्या हजार पटींहून अधिक. अपेक्षित क्रिया झालीच नाही. भांड्याच्या आत पांढरा, मेणासारखा थर मात्र आढळला. प्रयोग पुन्हा करून पाहिला तर स्फोट झाला, आणि काम बाजूला पडले. १९३५ च्या अखेरीस मायकेल पेरिन यांनी पुन्हा प्रयत्न केला. भांडे किंचित गळत होते, म्हणून त्यांनी आणखी एथिलीन भरले. आणि यावेळी चांगली मूठभर पूड मिळाली. पुढे कळले, की नव्याने भरलेल्या वायूत प्राणवायूचा अंश होता आणि त्यानेच पहिली फुगडी मोडली होती! १९३९ मध्ये उत्पादन सुरू झाले, त्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि हा नवा पदार्थ रडारच्या तारांवरील वेष्टन म्हणून कामी आला.

उच्च दाबाखाली तयार होणाऱ्या या पॉलिथिनच्या साखळीला जागोजागी फांद्या फुटतात. आपल्या शेतकऱ्याला हा फरक पटकन कळेल. ज्वारीच्या कडब्याची सरळ धाटे घट्ट पेंढीत बांधता येतात. बाभळीच्या फांद्यांची कितीही दाबून मोळी बांधली तरी आत पोकळी राहते. फांद्यांचे पॉलिथिन म्हणूनच मऊ आणि कमी घनतेचे असते. दुकानातली पातळ मऊ पिशवी ती ही. सरळ साखळ्यांचे पॉलिथिन हवे असेल तर दुसरी युक्ती हवी होती.

ती जर्मनीतील म्युल्हाइम येथे कार्ल झीग्लर यांना १९५३ मध्ये सापडली. अॅल्युमिनियमचे एक सेंद्रिय संयुग आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांचे मिश्रण उत्प्रेरक म्हणून वापरले, तर एथिलीनच्या सरळ साखळ्या साध्या दाबाखालीच तयार होतात. हे उच्च घनतेचे पॉलिथिन. दुसऱ्याच वर्षी इटलीतील जुलिओ नाट्टा यांनी तशाच उत्प्रेरकाने प्रॉपिलीनच्या शिस्तबद्ध साखळ्या तयार केल्या. दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या शेततळ्याचा कागद बहुतेक वेळा झीग्लरच्या वाटेने आलेल्या सरळ साखळ्यांच्या पट्ट्या विणून आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी मऊ पॉलिथिनचा लेप देऊन तयार झालेला असतो.

एका कुळातली भावंडे

एथिलीनच्या चार हायड्रोजनांपैकी एकाला काढून त्याच्या जागी दुसरे काही बसवले, की नवे एकवारिक तयार होते. फुगडी तीच, फक्त एका मुलीच्या खांद्यावर ओझे. मग त्याची साखळीही वेगळ्या गुणाची निघते.

मिथिल गट बसवला तर प्रॉपिलीन, आणि त्यापासून पॉलिप्रॉपिलीन. खताची आणि बियाण्याची विणलेली पोती याची. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक बारवाले यांना मिळाले. बियाण्याचा मोठा शत्रू ओल. पॉलिथिनच्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याच्या रेणूला धरायला त्यात जागाच नाही. म्हणून पॉलिथिनचे अस्तर असलेल्या पुडीत बियाणे कोरडे राहते. तळ्यातले पाणी बाहेर न जाण्याचे आणि पुडीत ओल आत न येण्याचे कारण एकच आहे.

क्लोरिन बसवला तर व्हिनिल क्लोराइड, आणि त्यापासून पीव्हीसी : विहिरीपासून शेतापर्यंत जाणारे पाइप. बेन्झिनचे वलय बसवले तर स्टायरिन, आणि त्यापासून पॉलिस्टायरिन; तेच फुगवले की गणपतीच्या मखराचा थर्माकोल. चारही हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवले तर टेफ्लॉन. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना तो असाच अवचित सापडला. सायनाइड गट बसवला तर अॅक्रिलोनायट्राइल, आणि त्यापासून स्वेटरची कृत्रिम लोकर.

येथे एक गोष्ट विसरू नये. एकवारिक आणि बहुवारिक यांचे स्वभाव सारखे नसतात. व्हिनिल क्लोराइड वायूमुळे कारखान्यातील कामगारांना यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये उघड झाले. साखळीत गेलेल्या रेणूचा द्विबंध संपलेला असतो. त्याची चपळाईही संपते आणि ते विषही. तथापि साखळीबाहेर राहिलेला अंश धोकादायकच, म्हणून त्यावर कडक मर्यादा घालाव्या लागल्या.

या भावंडांना ओळखण्याची एक घरगुती परीक्षा सांगतो. तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, ते तरंगतात, पीव्हीसी बुडते. शेततळ्याचा कागदही वस्तुतः पाण्यावर तरंगणारा आहे. म्हणूनच बांधावर चर खणून त्याच्या कडा मातीत गाडतात.

आंब्याची आढी आणि नागोठण्याचा कारखाना

एथिलीन कारखान्यातच तयार होते असे नाही. पिकणारी फळे ते स्वतः तयार करतात. आपल्या आज्यांनी पेंढ्यात आंब्याची आढी घातली, तेव्हा त्या नकळत एथिलीन कोंडूनच ठेवीत होत्या. एका आंब्याच्या वायूने दुसरा पिकत होता. आज केळी पिकवण्याच्या शीतगृहांत हाच वायू अल्प प्रमाणात सोडतात आणि कायद्याला तो मान्य आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. त्यातून निघणारा अॅसिटिलीन हा एथिलीनचा नातलग. त्याच्या दोन कार्बनांत तिहेरी बंध असतो, आणि बाजारू कार्बाइडमध्ये अर्सेनिक व फॉस्फरस यांची भेसळ असते.

कारखान्यात लागणारे एथिलीन मात्र टनांनी हवे. ते मिळवण्याचा एक मार्ग उसातून जातो. मळीपासून मद्यार्क, आणि मद्यार्कातून पाणी काढले की एथिलीन. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या प्लॅस्टिक उद्योगाने हा मार्ग वापरला होता. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या मद्यार्कापासून पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर तयार होते. अंबड तालुक्यात साखर कारखाना असलेल्या आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरा मार्ग खनिज तेलाचा. नाफ्था वाफेबरोबर सुमारे ८०० ते ८५० अंशांपर्यंत क्षणभर तापवला, की मोठे रेणू तुटून एथिलीन, प्रॉपिलीन असे छोटे अल्कीन मिळतात. महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. मुंबईत तुर्भे येथे युनियन कार्बाइडचा असा कारखाना १९६६ मध्ये, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा १९६८ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ठाण्याजवळ पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने उच्च घनतेचे पॉलिथिन तयार करायला आरंभ केला. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल आणि वायू लागला. त्या वायूतला इथेन वापरून रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे आयपीसीएलचे संकुल १९९० च्या सुमारास उभे राहिले. २००२ मध्ये आयपीसीएल रिलायन्सकडे गेली. अरबी समुद्राच्या तळातला वायू अशा रीतीने मराठवाड्यातल्या तळ्याच्या तळाशी येऊन बसू शकतो. आणि जळगावच्या जैन इरिगेशनने पीव्हीसी पाइपांनंतर ठिबक सिंचन शेतकऱ्यापर्यंत नेले, तेव्हा याच कुळातली लवचीक काळी नळी मोसंबीच्या प्रत्येक बुंध्यापाशी पोचली.

ऊन नावाचा शत्रू

पॉलिथिन पाण्याने कुजत नाही, वाळवी त्याला खात नाही, आम्ल त्याला लागत नाही. द्विबंध संपल्यामुळे त्याला कोणाशीही लेनदेन राहिलेली नाही. मग कागद फाटतो कसा?

उत्तर उन्हात आहे. शुद्ध पॉलिथिन अतिनील किरण फारसे शोषत नाही. परंतु साखळीत फांदी फुटण्याच्या जागा, तयार करताना शिरलेले प्राणवायूचे सांधे आणि उत्प्रेरकाचे कण हे दुबळे दुवे असतात. तेथे अतिनील किरण आदळले की एखादा हायड्रोजन सुटतो आणि मुक्त मूलक तयार होते. ज्या मोकळ्या हाताने साखळी जुळवली, तोच मोकळा हात आता हवेतला प्राणवायू धरतो आणि साखळी तोडतो. लांब सुतळीचे तुकडे होतात. गुंता सैल होतो. कागद ठिसूळ बनतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये असे दुबळे दुवे एकाआड एक कार्बनावर असतात, म्हणून खताचे पोते उन्हात टाकले की वर्षभरात त्याचा भुगा होतो.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे : काजळी. दोन ते अडीच टक्के बारीक काजळी पॉलिथिनमध्ये नीट मिसळली की ती अतिनील किरण आधीच गिळून टाकते. शेततळ्याचा कागद आणि ठिबकची नळी काळी असते ती यासाठी. मळू नये म्हणून नव्हे. पण काजळी 'नीट' मिसळलेली असली पाहिजे. आमच्या शेततळ्याचा कागद पाचव्या उन्हाळ्यात फाटला, तेव्हा मी तो जवळून पाहिला. पाण्याखालचा भाग धड होता. फाटला होता तो पाण्याच्या रेषेवरचा हात-दीड हाताचा पट्टा, आणि तोही दक्षिणेकडे तोंड असलेल्या काठावर, जिथे दिवसभर ऊन लागते. विक्रेत्याने पावतीवर मानकाचा उल्लेख केला नव्हता आणि आम्हीही विचारला नव्हता, असे घरोघर होते. विणलेल्या उच्च घनतेच्या कागदासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे. कागद घेताना तो क्रमांक, जाडी आणि हमीची वर्षे लेखी मागावीत. आणि तळे जमेल तेवढे भरलेले ठेवावे किंवा उघडा काठ माती-गवताने झाकावा. एवढ्याने कागदाचे आयुष्य काही वर्षांनी वाढते.

कागद झिरपणे थांबवतो, तहान नव्हे

कागदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो झिरपणे अडवतो, बाष्पीभवन अडवत नाही. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी आपल्या ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर पाणी आकाशात जाते. दुसरे असे, की बरीच शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत नाहीत. हिवाळ्यात विहिरीतून आणि बोअरमधून पाणी उपसून ती भरली जातात. जमिनीखालचे पाणी साऱ्या गावाचे असते. ते कागदावर आणून ठेवले की एका शेताचे होते, आणि वर त्यातले काही उडूनही जाते. ज्याला कागद परवडतो त्याची बाग वाचते, शेजारच्याची विहीर आटते. पाणलोट आधी आणि तळे नंतर, हा कडवंचीचा क्रम होता. तो क्रम उलटा केला तर कागदाने पाणी वाढत नाही, फक्त त्याची वाटणी बदलते. हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. तो आपल्यासारख्या अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल शिकणाऱ्यांचा आहे.

फाटल्यानंतर

शेवटचा प्रश्न टाकाऊ कागदाचा. जो गुण तळ्यात वरदान, तोच उकिरड्यावर शाप. सूक्ष्म जीवांना साखळी चावता येत नाही. ऊन तिचे तुकडे करते, पण ते तुकडे मातीत राहतात. जाड कागद निदान गोळा करता येतो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या पट्ट्यात आणि इतरत्र वाफ्यांवर अंथरला जाणारा मल्चिंगचा पातळ कागद, २५-३० मायक्रॉनचा, हंगामाअखेर चिंध्या होऊन जमिनीत मिसळतो. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. पुढे ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्या बंद झाल्या. बाजारातल्या पिशवीवर आपले लक्ष गेले, शेतातल्या चिंधीवर अजून पुरेसे गेलेले नाही.

सुदैवाने पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना शिवलेल्या नसतात, नुसत्या गुंतलेल्या असतात. तापवले की त्या सुटतात, थंड झाल्या की पुन्हा गुंततात. म्हणून कागदाचे पट्टे गरम करून जोडता येतात आणि फाटका कागद वितळवून पुन्हा वापरता येतो. दर वेळी साखळ्या थोड्या आखूड होतात, म्हणून दुसऱ्या जन्मी त्यापासून हलक्या प्रतीच्या वस्तू होतात. तरी काही तरी होते. त्यासाठी कागद माती झटकून, पीव्हीसीपासून वेगळा ठेवून भंगारवाल्याला द्यावा. बांधावर मात्र जाळू नये. पॉलिथिन अर्धवट जळून धूर करते, आणि सोबत पीव्हीसीचा तुकडा असला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. वस्तुतः एक किलो पॉलिथिनमध्ये एक किलो रॉकेलइतकी ऊर्जा असते. अशी वस्तू उघड्यावर पेटवणे म्हणजे पैसा आणि हवा दोन्ही जाळणे.

ज्या मित्रांच्या घरी शेततळे आहे, त्यांनी सुट्टीत गेल्यावर एवढे करावे : कागदावरचा मानकाचा क्रमांक शोधावा, पाण्याच्या रेषेवरचा पट्टा हाताने दुमडून तडे जातात का ते पाहावे, आणि तळे कशाने भरते, पावसाने की बोअरने, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. तिन्ही उत्तरे वहीत टिपून आणली, तर आपल्या महाविद्यालयातच जिल्ह्याच्या शेततळ्यांची एक उपयुक्त नोंद तयार होईल. भूगोल विभागातर्फे हे काम या वर्षी हाती घेता यावे, अशी प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे.